सुभेदारासमोर वाकायचं नाही

आमच्या अंगणात कोणी कोणाच्या पाया पडत नसे. दसऱ्याला सोनं वाटून झालं की आई दाराला आतून कडी घालायची आणि मग आम्ही घरातल्या घरात नमस्कार करायचो. पाहुण्यांना याचं भारी नवल वाटे. कारण साधं होतं. अंगणात सुभेदार असायचा.

सुभेदार म्हणजे आमचा एडका. टकरीचा एडका, पाच वर्षांचा, काळ्या तोंडाचा, कपाळ विटेसारखं टणक. बाबांना अख्खं गाव भय्यासाहेब म्हणे. भय्यासाहेब भोईटे. नाव ऐकून माणसानं दाराशी हत्ती शोधावा, आणि पाहावं तर उज्जैनला नानाखेड्याच्या पुढे, शेताच्या कडेला दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर. आमचा कोणी खापरपणजा एका सरदाराबरोबर दक्षिणेतून इकडे आला होता. तलवार घेऊन नाही, सरदाराचे एडके हाकत. सरदार गेले, त्यांची हवेली गेली, आमच्याकडे एडके तेवढे राहिले. बाबांना याचा अभिमान होता. मला लहानपणी होता, पुढे लाज वाटायला लागली, आणि आता काय वाटतं ते सांगायलाच बसले आहे.

टकरीचा एडका तयार करायची आमच्या घराची एक रीत होती. बाबा बारा पावलांवर उभे राहायचे, मांडीवर थाप मारायचे आणि डोकं खाली घालायचे. ही खूण. सुभेदार कान मागे टाकून धावत यायचा, आणि शेवटच्या क्षणी बाबा बाजूला होऊन वाळूचं पोतं पुढे करायचे. धप्प असा आवाज यायचा की आत भांडी वाजायची. हजार वेळा, दोन हजार वेळा. त्यामुळे झालं असं, की उभ्या माणसाकडे सुभेदार बघतही नसे. कोणी वाकलेला दिसला की संपलं. आई त्याला खुंट्याला बांधल्याशिवाय अंगण झाडत नसे. मी सात वर्षांची असताना पडलेला पेरू उचलायला वाकले, तर त्या वेळच्या एडक्यानं माझ्या गळ्याचं हाड मोडलं. हाड बांधून आणल्यावर बाबांनी मला जवळ घेतलं नाही. विचारलं, "वाकायच्या आधी मागे पाहिलं होतंस का?"

तेव्हापासून मला सवय लागली. वाकायच्या आधी मागे पाहायचं.

मला भाऊ नाही. सोळाव्या वर्षापासून सुभेदाराचा दोर मी धरायचे. दिवाळीच्या पाडव्याला गावच्या मैदानात टकरी लागत, त्यात दोर धरणाऱ्याची खरी परीक्षा. टक्कर झाल्याबरोबर एडका आवरावा लागतो, नाहीतर तो दुसऱ्यांदा नको तिथे जातो. टक्कर संपली की बाबा आधी एडक्याचं कपाळ पाहायचे आणि मग माझे तळवे. दोर ओढला जाऊन कातडी सोलवटलेली असली की हळद लावायचे. दुसऱ्या कोणाचे हात कोरडे दिसले की म्हणायचे, "यानं धरलाच नव्हता." बाबांची शाबासकी काय ती एवढीच, तळव्यांवरची हळद.

चौऱ्याण्णव साल होतं. बाबा कामाला होते ती गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. आम्ही राहायचो ती जागा पटेलांची. आजोबांच्या वेळी तोंडी दिलेली, कागद नाही. त्या पावसाळ्यात पटेलांनी सगळं शेत शैलेंद्र सेठला विकलं. सेठला तिथे कॉलनी काढायची होती. शेतात सोयाबीन उभं होतं, दाणा भरत आला होता. तरी रोलर आला आणि उभ्या पिकावरून फिरला. आठ दिवस हिरव्या शेंगांचा कुजकट वास येत होता.

सेठच्या ऑफिसात श्रीकांत कानडे म्हणून होते. फ्रीगंजात राहायचे, मराठी, आधी कुठल्याशा सहकारी संस्थेत कारकून होते. एक दिवस ते लुनावरून आले. सुभेदाराला पाहून फाटकाबाहेरच थांबले.

"भय्यासाहेब, मी बोललो सेठशी. आपला माणूस आहे म्हटलं. गेटजवळ चौकीदार लागणारच आहे न. तुम्ही व्हा. या दोन खोल्या अशाच राहतील, पाडणार नाहीत."

"आणि नाही झालो तर?" बाबांनी विचारलं.

"तर दिवाळीनंतर रोलर इथपर्यंत येईल. मी काय सांगू? नकाशात इथे बगीचा आहे."

आईनं चहा आणून दिला. श्रीकांतकाकांनी तो फाटकावरूनच घेतला. म्हणाले, "वहिनी, समजवा यांना. ताठ राहून आजकाल काही होत नाही."

बाबा हो म्हणाले. पण सेठकडून घराचा पक्का कागद पाडव्याला मिळणार होता, उद्घाटनाच्या दिवशी, स्टेजवर. तोवर आम्ही तिघांनी कामाला लागायचं. बाबा आणि मी प्लॉटचे दगड रोवायचो, आई चुन्याच्या रेषा ओढायची. चुना हातापायाला चिरा पाडायचा. आईच्या बोटांच्या पेरांतून रक्त यायचं आणि ती पदराला पुसून पुन्हा घमेलं उचलायची. ज्या बांधावर मी सुभेदारासाठी गवत कापायचे, त्या बांधावर मी स्वतःच्या हातानं 'प्लॉट क्रमांक एकतीस' रोवला. सकाळी कामाआधी बाबा सुभेदाराला पळवून आणायचे, मानेला मोहरीचं तेल चोळायचे, भिजवलेले चणे द्यायचे. आम्हाला तेव्हा वरणही पातळ मिळत होतं. आई बोलायची नाही, पण चण्याचं भांडं जरा आपटून ठेवायची.

सेठ रोज जीपमधून यायचा. तिशीतला माणूस, पांढरे बूट. चुन्याची धूळ उडू नये म्हणून दोन पावलं दूर उभा राहायचा. वाईट बोलायचा नाही, हे खरं. हसून बोलायचा, आणि तेच जास्त लागायचं. त्याच्या घरी केबल आलं होतं. त्यावर परदेशी पहिलवान डोक्याला डोकं आपटून एकमेकांना पाडत. ते पाहून त्याच्या मनात आलं.

"सरदार," तो बाबांना म्हणाला, "उद्घाटन में कुछ धमाका होना चाहिए. आप मेंढे से सिर भिड़ाओ. आदमी और मेंढा. पूरा उज्जैन आ जाएगा."

बाबा हातातली पहार टेकून उभे राहिले. "मेंढा मेंढे से लड़ता है साहब. मैं उसका उस्ताद हूँ."

"अरे, टीवी पे तो आदमी आदमी से भिड़ता है. कुछ नहीं होता."

"वो नाटक करते हैं. ये नाटक नहीं जानता."

सेठ हसला. जवळचे मिस्त्री, मजूर हसले. श्रीकांतकाकाही हसले, जरा उशिरानं. शेवटी ठरलं, की सुभेदार रंगवलेल्या मडक्यांची रास फोडेल. मागे वाळूचं पोतं, पुढे मडकी. त्या पाडव्याला गावच्या मैदानात आमचा एडका जाणार नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबा घरी आले आणि जेवता जेवता म्हणाले, "मडकीच तर फोडायची आहेत." आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं.

पाडव्याला मंडप लागला. झेंडूच्या माळा, लाऊडस्पीकर, देवास गेटवरून फुकट टेंपोतून आणलेली माणसं. बाबांनी धुतलेलं धोतर आणि लाल साफा घातला होता. आई बायकांत मागे बसली. बाबा मडक्यांमागे गेले, मांडीवर थाप मारली, डोकं खाली घातलं. सुभेदार सुटला. मडकी फुटून निळे-पिवळे तुकडे पहिल्या रांगेपर्यंत उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोर आवरला आणि मुठीत घट्ट धरून स्टेजच्या कडेला उभी राहिले. सुभेदाराची छाती हलत होती. त्याला टक्कर हवी होती आणि समोरून उलट टक्कर मिळालीच नव्हती. माझ्या हाताला त्याचा थरथराट कळत होता.

मग कागद वाटायला सुरुवात झाली. प्लॉट घेणाऱ्यांना पुढे बोलावून हार घातले. शेवटी बाबांना बोलावलं. स्टेज म्हणजे जमिनीला लागून टाकलेल्या फळ्या, वीतभर उंच. सेठच्या हातात पाकीट होतं. बाबांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. उभ्यानं.

सेठनं पाकीट पुढे केलं नाही. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "क्या सरदार, इतने में ही? हमारे यहाँ तो आशीर्वाद पैर छूकर लेते हैं."

बाबा साठीच्या जवळ आले होते. सेठ त्यांच्या निम्म्या वयाचा. लोक हसले. काही जण 'झुको, झुको' करायला लागले, गमतीनंच. श्रीकांतकाका बाबांच्या कानाशी लागून म्हणाले, "भय्यासाहेब, एक सेकंदाचं काम आहे. घराकडे बघा न."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग सुभेदाराकडे, मग माझ्या मुठीकडे. ओठ हलवून म्हणाले, "धर."

मी मान हलवली. त्यांनी साफा काढून बगलेत धरला. आणि ते वाकले.

मला त्यांचं डोकं दिसलं. मधोमध टक्कल पडलेलं, कडेला साफ्याचा वळ. इतकी वर्षं मी त्यांना फक्त सुभेदारासाठी डोकं खाली घालताना पाहिलं होतं. त्या माणसाचे पांढरे बूट, त्यावर बाबांची चुन्यानं फाटलेली बोटं, आणि वर त्याचं हसणारं तोंड. माझ्या अंगाचा भडका उडाला. दुसरा शब्द नाही. मला वाटलं, जाऊ दे आता. आपटू दे त्याला, पडू दे पांढऱ्या बुटांसकट.

मी मूठ उघडली. दोर निसटला नाही, तुटला नाही. मी सोडला.

सुभेदार सेठकडे कसा जाईल? सेठ उभा होता. ही गोष्ट मला सातव्या वर्षापासून ठाऊक होती, हाड मोडून शिकवली गेली होती, आणि त्या एका क्षणी मी ती विसरले. मला वाटलं माझा राग त्याला कळेल. त्याला फक्त वाकलेलं डोकं कळत होतं.

आवाज पोत्यावर येतो तसा आला नाही. बाबा आडवे झाले, त्यांच्या धक्क्यानं सेठ माळांवर कोसळला आणि मंडपाचा एक खांब वाकला. मग सगळे ओरडायला लागले. सुभेदार मात्र मागे सरून शांत उभा राहिला, कपाळ पुसून घ्यायला उभा राहायचा तसा.

सरकारी दवाखान्यात बाबांच्या गळ्यात पट्टा घातला. मानेचा मणका सरकला होता, उजवा हात उचलत नव्हता, उजव्या कानाला ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जगले हे नशीब. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीकांतकाका आले. हातात दोन संत्री होती, ती त्यांनी स्टुलावर ठेवली आणि उभेच राहिले.

"सेठ फार नाराज आहेत. म्हणतात, पोरीनं मुद्दाम सोडला. पोलीस थाण्यात रपट लिहवतो म्हणतात. मी अडवून राहिलो आहे त्यांना."

मी तोंड उघडणार होते. बाबांनी डाव्या हातानं माझे दोन्ही हात चादरीखाली ओढून घेतले. एका हातात मावत नव्हते, तरी दाबून धरले.

"दोर ओढला गेला तिच्या हातून," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "हात सोलवटलेत पोरीचे."

"बघू?"

"आता नको. हळद लावली आहे. सेठना घेऊन या, त्यांनाच दाखवू."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तसं असेल तर बरं. ॲक्सिडेंट म्हणता येईल. घराचंही मग बोलता येईल." ते गेले.

बाबांनी माझे हात चादरीबाहेर काढले आणि उलटे केले. मान वळत नव्हती म्हणून हातच त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. चुन्याच्या चिरा होत्या. दोराची एकही खूण नव्हती. 

"सुभेदार कोणावर जातो?"

मी म्हटलं, "वाकलेल्यावर."

"मग?"

"मला वाटलं... बाबा, मला तो हसताना बघवलं नाही."

"ते मला समजलं." त्यांनी डोळे मिटले. "सोडायचाच होता तर मी ताठ होईपर्यंत थांबायचं होतंस."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "घरी जा. आईला सांग. तोच दोर घे, दुसरा नको. मूठ घट्ट ठेवशील. सैल ठेवलीस तर खोटी खूण उमटते, बघणाऱ्याला कळतं."

घरी आले तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. सुभेदार खुंट्याला बांधलेला होता आणि कालपासून त्याला चणे मिळाले नव्हते. बाबा काय म्हणाले ते मी आईला सांगितलं. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग तिनं माझे हात पाहिले आणि तिच्या लक्षात आलं, आधी कालचं आणि मग आत्ताचं. तिनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी दोर दोन्ही मुठींत धरून भिंतीला टेकून उभी राहिले. आईनं दुसरं टोक कमरेला बांधलं, ओचा खोचला आणि धावली. पहिल्यांदा तिनं हळू ओढलं. नुसती लाली आली.

"जोरात, आई."

"मला नाही होत ग."

"बाबा म्हणाले."

पंचेचाळीस वर्षांची, चुन्यानं हात फाटलेली माझी आई अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. दोर माझ्या मुठींतून सरसरत गेला आणि कातडी घेऊन गेला. तिसऱ्या वेळी मी ओरडले. आई थांबली, कमरेचं टोक सोडलं, आत गेली आणि हळदीचा डबा घेऊन आली. तिनं माझ्या तळव्यांवर हळद लावली. म्हणाली, "त्यांनी लावायची असते न ही." खुंट्यावरून सुभेदार आमच्याकडे बघत होता. दोघी ताठ उभ्या होत्या, म्हणून कान हलवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सेठ दवाखान्यात आला. बरोबर फळांची टोपली आणि फोटोवाला. मी हात पुढे करून उभी होते, तळवे वर. पिवळे, ओले, फुगलेले. सेठ बाबांजवळ वाकला नाही, नुसता उभा राहिला, फोटो काढून झाला. मग म्हणाला, "मेंढा हटवा दिया है सुबह. ठेकेदार के आदमी ले गए. ऐसी चीज़ कॉलनी में नहीं चलेगी."

बाबांनी उठायचा प्रयत्न केला. हात जोडता येईनात, म्हणून नुसता डावा हात कपाळाकडे गेला. पट्ट्यामुळे मान खाली जाईना.

"रहने दो, सरदार, लेटे रहो. घर में रहो, मैंने कौन सा निकाला है. चौकीदारी तो अब आपसे होगी नहीं, दूसरा रख लिया है. लड़की को भेज देना, सैंपल बंगले पे झाड़ू-पोछा कर देगी. हिसाब बराबर."

तो गेला. माझे हात त्यानं पाहिले नाहीत. श्रीकांतकाकांनी पाहिले, ते दारातून परत आले आणि म्हणाले, "जयू, एवढे हात सोलवटलेत, काही मलम वगैरे लाव ग." आणि सेठमागे धावत गेले.

बाबा महिनाभर तिथे होते. आई डबा घेऊन गेली की विचारायचे, "सुभेदारानं दाणा खाल्ला?" ठेकेदाराच्या माणसांनी त्याच दिवशी त्याला कापून चूल पेटवली होती, हे त्यांना माहीत होतं, सेठच्या बोलण्यावरूनच कळलं होतं. तरी विचारायचे. आई म्हणायची, "खाल्ला." पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

मी चौथ्या दिवशी कामाला लागले. गिऱ्हाइकांना दाखवायचा सँपल बंगला उद्घाटनासाठी घाईनं प्लॉट क्रमांक एकतीसवरच उभा केला होता, मी दगड रोवला होता तिथेच. गुळगुळीत पांढरी फरशी होती. बादलीत फिनेलचं पाणी केलं, त्यात हात घातले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओरडले नाही. फडकं काठीला बांधून उभ्यानं पुसायला लागले तर आतून सेठची बायको आली. चांगली बाई होती, चहाही देणार होती. म्हणाली, "ऐसे नहीं होता, बेटा. झुक के लगाओ, कोने रह जाते हैं."

मी काठी भिंतीला लावली, फडकं सोडलं आणि हातात घेतलं. वाकायच्या आधी मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मी वाकले.